परक्या भाषेत पदवीचा अभ्यासक्रम कसा पुरा करावा : जर्मनीला निघालेल्या मराठवाड्यातील विद्यार्थ्यांसाठी

परभणीच्या आमच्या घरी आजोबांची एक वही अजून जपून ठेवलेली आहे. निजामाच्या राजवटीत मराठवाड्यातील माध्यमिक शिक्षण उर्दूतून होत असे, आणि 1918 साली हैदराबादेत स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात तर वैद्यक आणि अभियांत्रिकीसुद्धा उर्दूतून शिकवली जाई. त्यासाठी इंग्रजी ग्रंथांची उर्दूत भाषांतरे करणारा दारुत्तर्जुमा नावाचा स्वतंत्र विभागच तेथे होता. घरात मराठी बोलणाऱ्या आजोबांनी वहीच्या पानाला उभी घडी घालून उजवीकडे उर्दू संज्ञा आणि डावीकडे तिचा मराठी अर्थ लिहिलेला आहे, आणि प्रत्येक संज्ञेखाली गुरुजींनी वर्गात उच्चारलेले एक पूर्ण वाक्य आहे. मी जर्मनीत यंत्र अभियांत्रिकीच्या पदवीसाठी गेलो, तेव्हा पहिले सत्र निम्मे वाया गेल्यावर मला ती वही आठवली. पुढे जे सांगतो आहे त्याचे मूळ त्या वहीत आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. भाषा येणे आणि त्या भाषेत विषय येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मराठी माध्यमात दहावी होऊन अकरावी सायन्सला इंग्रजीच्या वर्गात जाऊन बसलेल्या मुलांना हा फरक वेगळा समजावून सांगावा लागत नाही, कारण ‘त्वरण’ ही कल्पना डोक्यात पक्की असूनही ‘ॲक्सिलरेशन’ हा शब्द फळ्यावर दिसताच काही काळ सगळे परके वाटू लागते, हे त्यांनी अनुभवलेले असते. तेव्हा तुम्ही हे अंतर एकदा पार केलेले आहे. त्या वेळी ते नकळत, धडपडत झाले. आता ते ठरवून करायचे आहे. उदाहरणे जर्मनीची असली, तरी फ्रान्सला किंवा जपानला जाणाऱ्यांनाही यातील बराचसा भाग लागू पडेल.

निघण्यापूर्वी

प्रथम अभ्यासक्रमाचे माध्यम नीट तपासावे. जर्मनीत पदव्युत्तर स्तरावर इंग्रजी माध्यमाचे बरेच अभ्यासक्रम आहेत, परंतु पदवीचे बहुतेक अभ्यासक्रम जर्मन भाषेतच चालतात. डाड या जर्मन शैक्षणिक विनिमय संस्थेच्या संकेतस्थळावर प्रत्येक अभ्यासक्रमापुढे त्याची भाषा दिलेली असते. काही ठिकाणी दोन्ही भाषा लिहिलेल्या आढळतात. तेथे पहिल्या वर्षाचे विषय कोणत्या भाषेत आहेत हे विद्यापीठाला पत्र लिहून विचारावे, केवळ अंदाजावर विसंबू नये.

जर्मन माध्यमासाठी विद्यापीठे सामान्यतः टेस्टडाफ परीक्षेच्या चारही भागांत चौथी श्रेणी किंवा डीएसएच परीक्षेची दुसरी पातळी मागतात. डीएसएचमध्ये दुसरी पातळी मिळण्यासाठी किमान 67 टक्के गुण लागतात, 82 टक्क्यांच्या पुढे तिसरी पातळी मिळते. ए-1 ते सी-2 या युरोपीय मोजपट्टीवर बोलायचे तर ही मागणी साधारण सी-1 पातळीच्या आसपास येते. पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात किंवा रानडे इन्स्टिट्यूटमध्ये बी-1 झाल्यावर ‘आता जमले’ असे वाटते, कारण दुकानात, स्टेशनवर, घरमालकाशी बोलणे जमू लागलेले असते. परंतु बी-1 ही बाजारहाटाची पातळी आहे, वर्गातील व्याख्यानाची नव्हे. भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्रही, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रे तपासून दिलेला दाखला, लागते; ते मिळण्यास वेळ लागतो, म्हणून भाषेचे वर्ग चालू असतानाच त्याचा अर्ज करून टाकावा.

परीक्षा उत्तीर्ण झाल्यानंतर आणि विमानात बसण्यापूर्वी जे दोन-तीन महिने मिळतात, ते बहुतेक जण नातेवाइकांच्या गाठीभेटींत घालवतात. गाठीभेटी जरूर घ्याव्यात, परंतु रोज एक तास आपल्या विषयाचे जर्मन शाळेतील पुस्तक वाचावे. विद्यापीठाचे नव्हे, शाळेचेच. भौतिकशास्त्राच्या आठवी-नववीच्या पुस्तकात बल, दाब, घनता, घर्षण हे शब्द सोप्या वाक्यांत येतात आणि आशय आधीच ठाऊक असल्यामुळे सगळे लक्ष भाषेकडे देता येते.

मराठी माणसाला आयती मिळालेली शिदोरी

इंग्रजीच्या वाटेने जर्मन शिकवणारी पुस्तके जेथे धोक्याच्या पाट्या लावतात, तेथे आपला रस्ता बहुधा सरळ असतो, आणि ही गोष्ट मला कोणी शिकवली नाही याचे आजही नवल वाटते. ‘वाइल इश गेस्टर्न क्रांक वार’ या वाक्याखाली शब्दाला शब्द ठेवून पाहा : कारण, मी, काल, आजारी, होतो. क्रियापद शेवटी येते म्हणून इंग्रजी भाषक हैराण होतात. आपण जन्मापासून तसेच बोलत आलो आहोत. मात्र मुख्य वाक्यात जर्मन क्रियापद दुसऱ्या स्थानी येते, तेवढे लक्षात ठेवावे लागते. तीन लिंगे आपल्यालाही आहेत, फक्त कोणत्या शब्दाला कोणते लिंग हे नव्याने पाठ करावे लागते.

लांबलचक जोडशब्दांचेही तसेच आहे. ‘व्हेर्मंयुबरट्रागुंग’ पाहून घाबरण्याऐवजी शाळेतला समासाचा विग्रह आठवावा : व्हेर्मं म्हणजे उष्णता, युबरट्रागुंग म्हणजे संक्रमण, म्हणून उष्णतेचे संक्रमण. हा आपला तत्पुरुष आहे. उत्तरपद प्रधान, आणि लिंगही त्या उत्तरपदाचेच. त्यामुळे शब्द शेवटाकडून उलगडावा. पाच पदांचा जोडशब्दसुद्धा मग अर्ध्या मिनिटात सुटतो.

पहिला पंधरवडा : दोन कागद

पोहोचल्यावर खोली, बँक, नोंदणी यांच्या धावपळीत दोन कागद हमखास वाचायचे राहून जातात. एक म्हणजे मोड्युलहांडबूख, ज्यात प्रत्येक विषयाचा आशय, श्रेयांक आणि परीक्षेचा प्रकार दिलेला असतो. दुसरा म्हणजे प्र्युफुंग्सओर्डनुंग, अर्थात परीक्षेची नियमावली. ही नियमावली कायद्याच्या भाषेत असते आणि वाचायला रूक्ष असते, तरीही शब्दकोश घेऊन ती एकदा संपूर्ण वाचावी. नापास झाल्यास किती वेळा परीक्षा देता येते, पहिल्या वर्षात कोणता विषय सुटलाच पाहिजे, नाव कधीपर्यंत मागे घेता येते, हे सर्व तेथेच असते. अनेक विद्यापीठांत एका विषयासाठी तीनच संधी मिळतात, आणि तिसरी हुकली तर तो अभ्यासक्रमच सोडावा लागतो. आपल्याकडची एटीकेटीची सवय तेथे उपयोगी पडत नाही.

परीक्षेसाठी वेगळी नोंदणी करावी लागते हेही आपल्या अंगवळणी नसते. वर्गाला बसलो, गृहपाठ दिले, म्हणजे नाव परीक्षेच्या यादीत आपोआप आले असेल असे मी समजलो आणि पहिल्याच सत्रात एका विषयाच्या परीक्षेला मला बसता आले नाही. सूचना आलेली होती. ती जर्मन भाषेत, आठ ओळींची होती, आणि मी ती ‘नंतर वाचू’ म्हणून ठेवून दिली होती. त्या दिवसापासून मी एक नियम केला : विद्यापीठाकडून आलेले पत्र त्याच दिवशी शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे आणि त्यातील तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायची.

विषय किती घ्यावेत हा पुढचा प्रश्न. एका सत्रासाठी 30 श्रेयांक अपेक्षित असतात आणि जर्मनीत एक श्रेयांक म्हणजे सुमारे 30 तासांचे काम धरतात, म्हणजे सत्राला 900 तास झाले. हा हिशेब मातृभाषेत शिकणाऱ्यासाठी आहे. परक्या भाषेत त्याच कामाला आरंभी दीडपट, कधी दुप्पट वेळ लागतो, असे माझे आणि माझ्यासोबतच्या मुलांचे निरीक्षण आहे. म्हणून नियमावली परवानगी देत असेल, तर पहिल्या सत्रात तासांना सर्व विषयांच्या बसावे, परीक्षा मात्र तीन किंवा चार विषयांचीच द्यावी. गणित त्यात जरूर असावे, कारण तेथे भाषा सर्वांत कमी आड येते आणि एक विषय सुटल्याचा धीर मोठा असतो.

वर्गात

मोठ्या व्याख्यानाला फोरलेझुंग म्हणतात, उदाहरणे सोडवण्याच्या तासाला युबुंग, आणि वरच्या वर्गातील विद्यार्थी घेतात त्या छोट्या गटाच्या तासाला टुटोरियुम. वेळापत्रकात वेळेपुढे ‘सी. टी.’ असेल तर तास पंधरा मिनिटे उशिरा सुरू होतो, ‘एस. टी.’ असेल तर ठरल्या ठोक्याला. तास संपला की मुले टाळ्या न वाजवता बाकावर टकटक करतात; पहिल्या दिवशी मला वाटले, काहीतरी बिनसले.

नवख्याने सर्वाधिक शक्ती युबुंगवर खर्च करावी असे माझे स्पष्ट मत आहे. व्याख्यान दोनशे-तीनशे मुलांसमोर वेगाने वाहते आणि त्यातील न समजलेला भाग टिपणांच्या छापील प्रतीवरून, ज्याला स्क्रिप्ट म्हणतात, नंतर भरून काढता येतो. युबुंगमध्ये मात्र तीच संज्ञा पुन्हापुन्हा वापरात ऐकू येते, प्रश्न विचारता येतो, आणि परीक्षेचे प्रश्नही याच धाटणीचे असतात. व्याख्यानाला जाण्यापूर्वी त्या दिवसाच्या स्क्रिप्टमधील फक्त शीर्षके, आकृत्या आणि त्यांखालच्या ओळी वाचून जाव्यात. वीस मिनिटे पुरतात. ऐकताना सगळे लिहून घेण्याचा हट्ट धरू नये, कारण ऐकणे, समजणे आणि परक्या भाषेत लिहिणे ही तीन कामे सुरुवातीला एका वेळी होत नाहीत.

आपल्या एका सवयीबद्दल सांगितले पाहिजे. समोरचा बोलत असताना मान डोलावून ‘हो, हो’ म्हणत राहणे हा आपल्याकडे आदर आहे. ‘ऐकतो आहे’ एवढाच त्याचा अर्थ. तेथे शिकवणारा त्याचा अर्थ ‘समजले’ असा घेतो आणि पुढे जातो. समजले नसेल तर तसे सांगावे. त्यात कोणी कमीपणा मानत नाही, आणि सरांना पुन्हा विचारले तर उद्धटपणा होईल ही आपली भीती तेथे निराधार ठरते. प्राध्यापकांना भेटण्याची ठरावीक वेळ, श्प्रेखश्टुंडं, याच कामासाठी असते. जाताना प्रश्न कागदावर लिहून न्यावेत आणि प्राध्यापक स्वतः सांगेपर्यंत ‘झी’ हेच आदरार्थी सर्वनाम वापरावे, मग वर्गमित्रांशी तुम्ही ‘दू’ म्हणत असलात तरी.

तीन रकान्यांची वही

आता आजोबांच्या वहीकडे येतो. त्यांच्या दोन रकान्यांत मी आणखी एक वाढवला, तो इंग्रजीचा. पहिल्या रकान्यात जर्मन संज्ञा लिहावी, परंतु एकटी नव्हे : तिच्यासोबत देर, दी किंवा दास हे लिंगदर्शक, अनेकवचन, आणि मुख्य म्हणजे तिच्याबरोबर येणारे क्रियापद. जर्मन शास्त्रीय लेखनात क्रियापदांच्या जोड्या ठरलेल्या असतात. मराठीत आपण निर्णय ‘घेतो’, प्रश्न ‘विचारतो’ आणि अट ‘घालतो’. कोणी निर्णय ‘बनवतो’ म्हटले की कानाला खटकते. जर्मन प्राध्यापकालाही चुकीची जोडी तशीच खटकते, आणि शब्दकोशातून एकेकटे शब्द उचलणाऱ्याच्या लेखनात नेमक्या याच चुका भरून राहतात.

दुसऱ्या रकान्यात इंग्रजी संज्ञा, कारण संदर्भग्रंथ शोधताना ती लागते. तिसऱ्यात मराठी. येथे अनेक जण विचारतात की अभियांत्रिकी इंग्रजीत शिकल्यावर मराठी कशासाठी. माझे उत्तर असे, की ‘श्पानुंग’ला ‘स्ट्रेस’ म्हटल्याने एका परक्या शब्दाच्या जागी दुसरा परका शब्द येतो, आणि ‘ताण’ म्हटल्यावर विहिरीवरच्या मोटेचा दोर डोळ्यांसमोर उभा राहतो. शिवाय श्पानुंग हा शब्द विद्युतशास्त्रात विभवांतरासाठीही येतो. इंग्रजीत त्याचे दोन वेगळे शब्द होतात, पण दोन्हीकडे काहीतरी ताणलेले आहे ही मूळ कल्पना मराठी शब्दाने चटकन पकडता येते. या तिन्हींखाली तासाला ऐकलेले किंवा स्क्रिप्टमध्ये वाचलेले एक संपूर्ण जर्मन वाक्य उतरवावे. स्वतः रचलेले वाक्य नको; जसे होते तसे.

रोज दहा-बारा संज्ञांपेक्षा अधिक लिहू नयेत. रविवारी तिसरा आणि दुसरा रकाना झाकून वाक्य मोठ्याने वाचावे, खोलीतल्या सोबत्याची हरकत नसेल तर.

आकड्यांचा घोळ

हा भाग मी मुद्दाम वेगळा काढला आहे, कारण भाषेच्या कोणत्याही परीक्षेत याची तयारी करून घेतली जात नाही. जर्मनीत दशांश चिन्ह स्वल्पविराम असते आणि हजाराचे गट टिंबाने पाडतात. आपण ज्याला 2,500 न्यूटन लिहितो ते तेथे अडीच न्यूटन वाचले जाते. माझ्या प्रयोगशाळेच्या पहिल्या अहवालात एक पोलादी दांडी अडीच न्यूटन भाराने वाकल्याची नोंद झाली होती, आणि तपासणाऱ्याने समासात फक्त एक प्रश्नचिन्ह काढले होते. लाखाचे आपले गट, म्हणजे 1,25,000, तर तेथे कोणालाच उलगडत नाहीत. हाताने लिहिताना त्यांच्या एकाला वर तिरपी रेघ असते, त्यामुळे तो आपल्याला सातासारखा दिसतो. सातावर ते मध्ये आडवी रेघ मारतात, आणि आपणही मारावी.

बोललेले आकडे ऐकताना मात्र पुन्हा मराठी मदतीला येते. ‘आइनउंड्स्वान्सिश’ म्हणजे एक आणि वीस. आपला एकवीसही तसाच, आधी एकक. ‘फिअरउंड्सेश्त्सिश’ म्हणजे चार आणि साठ, आपला चौसष्ट. कानावर पडलेला आकडा इंग्रजीत न वळवता सरळ मराठीत ऐकावा. घड्याळाबाबत एक खाचखळगा आहे : ‘हाल्ब द्राय’ म्हणजे अडीच, साडेतीन नव्हे. तिसरा तास अर्धा झाला, अशी ती कल्पना आहे, आणि आपला अडीच हा शब्दही ‘अर्धतृतीय’ या संस्कृत शब्दावरूनच आलेला आहे. मात्र ‘हाल्ब फिअर’ म्हणजे साडेतीन, साडेचार नव्हे. या गोंधळात परीक्षेला तासभर उशिरा पोहोचणारे निघतात.

लेखी काम

मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांत हाउसआर्बाइट, म्हणजे सत्राअखेरचा विस्तृत निबंध, असतो. विज्ञान-अभियांत्रिकीत प्रयोगाचे अहवाल. दोन्हींचा क्रम सारखाच ठेवावा. प्रथम विषय आणि आराखडा एका पानावर लिहून शिक्षकाला दाखवावा. मग त्या विभागाने दिलेली लेखननियमांची पुस्तिका मिळवावी, कारण संदर्भ देण्याची पद्धत विभागागणिक बदलते. त्यानंतर पहिला मसुदा थेट जर्मनमध्ये, लहान आणि साध्या वाक्यांत लिहावा. मराठीत किंवा इंग्रजीत लिहून नंतर भाषांतर करणे सोपे वाटते, परंतु त्यात आपल्याला जर्मनमध्ये मांडता येणार नाहीत अशी वाक्ये आधीच तयार होतात आणि मग त्यांच्याशी झुंजण्यात रात्री जातात.

यंत्राद्वारे होणाऱ्या भाषांतराबद्दल आणि लेखन करून देणाऱ्या साधनांबद्दल प्रत्येक विद्यापीठाचे, कधी प्रत्येक शिक्षकाचे, नियम वेगळे असतात. लिखित कामाच्या शेवटी हे काम मी स्वतः, नमूद केलेल्या साधनांखेरीज अन्य मदत न घेता केले, अशा घोषणेवर सही करावी लागते, आणि ती सही औपचारिकता समजू नये. गाइडमधील उत्तर शब्दशः लिहिले की पूर्ण गुण, या वळणावर आपल्यापैकी बरेच जण वाढलेले आहेत; तेथे दुसऱ्याचे वाक्य अवतरणचिन्ह आणि संदर्भ न देता आले तर काम नापास होते.

मसुदा मुदतीच्या दोन आठवडे आधी पुरा करावा. अनेक विद्यापीठांत लेखन केंद्र असते, जेथे विनामूल्य सल्ला मिळतो. तेथे व्याकरण दुरुस्त करून देत नाहीत, पण तेच ते चुकणारे प्रकार दाखवून देतात.

परीक्षा

लेखी परीक्षा बहुधा 90 किंवा 120 मिनिटांची असते. जुन्या प्रश्नपत्रिका विद्यार्थी मंडळाकडे, म्हणजे फाखशाफ्टकडे, अनेकदा मिळतात, आणि येथे लातूर पॅटर्नचा संस्कार कामाला येतो : घड्याळ लावून पूर्ण पेपर सोडवणे, पुन्हा सोडवणे. मात्र प्रश्नाचे पहिले क्रियापद नीट वाचावे. ‘नेनन’ म्हटले की फक्त नावे लिहावीत, ‘बेश्राइबन’ म्हणजे वर्णन करा, ‘एरलॉयटर्न’ म्हणजे स्पष्ट करा, ‘बेग्र्युंडन’ म्हणजे आपले ‘कारणे द्या’. ‘नेनन’च्या प्रश्नाला पानभर लिहिणाऱ्याला जास्त गुण मिळत नाहीत, वेळ मात्र जातो. श्रेणी 1.0 ते 5.0 अशी असते; 1.0 सर्वोत्तम आणि 4.0 पर्यंत उत्तीर्ण. घरी फोनवर ‘1.7 मिळाले’ असे सांगण्यापूर्वी हे समजावून सांगावे. शब्दकोश नेता येतो का, हे विषयागणिक आधी विचारून घ्यावे, आणि आजारी पडल्यास त्याच दिवशी डॉक्टरांचे प्रमाणपत्र घ्यावे.

तोंडी परीक्षेला एक वाक्य पाठ असावे : ‘क्योन्टन झी दी फ्रागं बिटं विडरहोलन?’, म्हणजे प्रश्न कृपया पुन्हा सांगाल का. त्याहून उपयोगी पडते ते प्रश्न आपल्या शब्दांत परत मांडून ‘तुम्हाला असे विचारायचे आहे का’ असे म्हणणे, कारण तेवढ्यात विचार करायला अवधी मिळतो आणि गैरसमज झाला असेल तर तेथेच सुधारतो. कागद-पेन मागून आकृती काढावी आणि तिच्यावर बोट ठेवून बोलावे.

निकालानंतर तपासलेला पेपर पाहण्यासाठी एक दिवस ठरवलेला असतो. त्याला क्लाउसुरआइनझिश्ट म्हणतात, आणि उत्तीर्ण झालेली मुले सहसा तिकडे फिरकत नाहीत. तुम्ही जावे. कोठे विषय चुकला आणि कोठे केवळ भाषा चुकली हे लाल शाईत तेथेच वेगळे दिसते. घरी परतताच भाषेच्या चुका त्याच तीन रकान्यांच्या वहीत, त्या त्या संज्ञेखाली, दुरुस्त वाक्यासह उतरवून ठेवाव्यात.